शालीखालची चित्रं

हे लिहिण्याआधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म भरणारा मी पहिला. चित्रं आणि गाणी यांतलं मला फारसं काही कळत नाही, आणि ज्या चित्रांबद्दल लिहितो आहे ती माझी नाहीत. जिची आहेत तिला न विचारता लिहितो आहे. आधीही मी असंच केलं होतं.

अकोल्यात एका शिंप्याच्या दुकानात माझी तिची ओळख झाली. मी पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो होतो. ती खाली बसून कापडाच्या कतरनी निवडत होती. केनियातून शेतीचं शिक्षण घ्यायला आलेली, तीन वर्षं अकोल्यात राहून इथली हिंदी बोलणारी. शिंपीचाचा तिला कतरनी फुकट द्यायचे आणि वर म्हणायचे, "ले जा बेटी, वरना मेरी बकरी खाती." ती त्या तुकड्यांची चित्रं शिवायची. एक चित्र तिने मोबाइलवर दाखवलं. पाच बायका एकीमागे एक पायऱ्यांवर बसून पुढचीच्या वेण्या घालत होत्या. बार्शीटाकळीत आमच्या वस्तीत बायका दुपारी अशाच बसतात. मी तसं सांगितलं तर ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली.

तिथून मनात आलं की अमरावतीला आमच्या कॉलेजात तिची नऊ चित्रं लावावीत, तिच्या गावची आणि जगातल्या इतर काळ्या लोकांची गाणी वाजवावीत, आणि माझ्या मामाच्या गायनपार्टीलाही बोलवावं. ती तयार झाली, पण एका अटीवर. "मेरे को स्टेज पे नहीं बैठना. तीन साल से सब मेरे को ही देख रहे. इस बार चित्र देखेंगे." भाषण नको, लोकांनी फिरत बघावं, ऐकावं. मी शब्द दिला.

मामा आधी भडकला. "आमाले आजपर्यंत तुह्या कॉलेजात कोणी बोलावलं नाई, अन् तू लोकाईच्या पोरीचे चित्रं लावून राहिला?" मी तिला एका रविवारी वस्तीत घेऊन गेलो. मामाने मुद्दाम अवघड ठेका धरला. तिने दोनदा चुकून तिसऱ्यांदा टाळी बरोबर आणली. मामा एवढंच म्हणाला, "हात चांगला हाये." त्याच्या तोंडून एवढं मला कधी मिळालं नव्हतं.

हॉलसाठी मी सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला आणि शेजारच्या मॅडमना ऐकू जाईल असं म्हणाले, "काळ्यांची कला? आपल्याकडे काळे काय कमी पडले?" दोघंही हसले. मीही हसलो. ते मला अजून टोचतं. मग सर म्हणाले, "हॉल देतो. पण परदेशी पाहुणी आहे तर प्रमुख पाहुणी म्हणून स्टेजवर बसली पाहिजे. सत्कार झाला पाहिजे. पेपरला फोटो काय भिंतीचा देऊ?"

मी हो म्हणालो. केवळ भीतीने नाही. आमच्या घरात कोणाच्याच खांद्यावर कधी शाल पडलेली नव्हती. शाल आणि नारळ मिळणं कोणाला नकोसं वाटू शकतं, हे माझ्या डोक्यात येईना. वाटलं, ती आत्ता नाही म्हणते, शाल पडली की तिला आनंदच होईल. म्हणून मी तिला सांगितलंच नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी तिला बडनेरा स्टेशनवरून आणलं. चित्रांची गुंडाळी तिने ऑटोत मांडीवर धरली होती. तिने एकेक चित्र स्वतः टांगलं, आणि मग माइकवरून तिला स्टेजवर बोलावलं गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. सगळा हॉल वाट बघत होता म्हणून ती गेली.

कार्यक्रमाच्या बॅनरने तीन चित्रं झाकली होती. सरांनी ओळख करून देताना "अंधाऱ्या खंडातून आलेला प्रकाश" असं म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. "लाइट लावा बे, दिसून नाई राहिली!" अख्खी रांग हसली. सरही हसले. मग शाल, नारळ, आणि सहा जणांची भाषणं. त्यानंतर सेल्फीला गर्दी झाली. एका मुलीने न विचारता तिच्या केसांत बोटं घातली आणि मैत्रिणीला ओरडून सांगितलं, "अगं, खरे आहेत!" चित्रांकडे पाठ करून सगळे उभे होते. मामाची पार्टी दाराशी ढोलकी घेऊन ताटकळत होती. शेवटी शिपाई म्हणाला, "टाइम झाला, हॉल बंद करायचा हाये." गाणं एकही झालं नाही.

मामा जाताना माझ्याशी बोलला नाही. फक्त तिला म्हणाला, "बेटी, हमारा भी ऐसाइच होता."

तिने चित्रं उतरवली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "मत छू." शेवटी शाल घडी करून माझ्या हातात दिली. "ये तुमको चाहिए था. मेरे को नहीं."

बडनेऱ्याला ती एकटीच गेली. मी माफीचे मेसेज पाठवत राहिलो. आधी लांबलचक, मग दोन ओळींचे. तिने ते वाचल्याचं दिसायचं, पण उत्तर आलं नाही. पेपरात फोटो आला, त्यात सरांचं नाव होतं, तिचं नव्हतं. सरांनी मला बोलावून पाठ थोपटली. मी त्यांना थँक्यू म्हणालो.

चारेक महिन्यांनी मामीने सहज फोन केला. बोलता बोलता म्हणाली, मामाचा गळा बसला आहे, अकोल्याहून आल्यापासून. मी मामाकडे फोन द्यायला लावला.

"अकोल्यात काय होतं?"

"तिनं चित्रं लावले होते. चाचाच्या दुकानावरच्या खोलीत. तिचे दोस्त गायले, आमी वाजवलं. दोन तास लोक हटले नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

मामा खाकरला. मग बसक्या आवाजात म्हणाला, "तिनं बजावलं होतं, तुले सांगू नका म्हणून. अन् मले बी सांगावं वाटलं नाई."