चिंचेखालचं दार

त्या दुष्काळात आम्ही माणातलं गाव सोडलं आणि कोरेगावच्या बाजाराबाहेर एका चिंचेखाली राहिलो. उघड्यावर राहिलो, असं मात्र कुणी म्हणू नये. आईनं जमीन सारवली, चारी बाजूंनी राखेची रेघ ओढली आणि एका बाजूला लांबट दगड उंबरा म्हणून ठेवला. मी रेघेवरून आत पळालो की पाठीत धपाटा बसायचा. "भिंतीतनं येतोस व्हय रं? दारानं ये!" वडील दिवसभर हमाली करून यायचे, तेही उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे आणि मगच पाय आत ठेवायचे. बाजारातली पोरं हसायची. मला लाज वाटायची.

एका दुपारी आटपाडीकडचा एक मेंढपाळ बायको आणि लहान पोराला घेऊन सावली शोधत आला. त्यानं सारवलेली जमीन पाहिली, दगडापाशी वहाणा काढल्या आणि हाक दिली, "हाय का कुनी घरात?"

आईनं लगबगीनं डोईवर पदर घेतला. "आवं, या की आत!"

तेवढ्यात त्यांचं पोरगं रेघेवरून सरळ आत धावलं. त्याच्या आईनं त्याला मागं ओढून पाठीत धपाटा घातला.

"दार दिसत न्हाई व्हय रं?"