बाळूच्या पायातला आवाज

काल सकाळी रायपूरच्या एका दवाखान्यात मी माझ्या धाकट्या भावाच्या पायातलं रक्त वाहताना ऐकलं... हो, या कानांनी ऐकलं. अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

बाळू पुरानी बस्तीत राहतो, बिडीची सवय कॉलेजपासूनची. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत गेल्या, अंगठा काळा पडला, जखम भरेना. पाय कापावा लागेल, असं ऐकल्याबरोबर आमचे नातेवाईक नकली पाय कुठे चांगला मिळतो याची चौकशी करू लागले! एकेकाला असा झापलाय मी...

मग एक तरुण डॉक्टर भेटली. तिने स्टेम सेलचा उपाय सांगितला. त्याच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पोटरीत टोचायच्या. त्यांच्या मदतीने नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. जमेलच असं नाही, आणि तंबाखू पूर्ण बंद, हेही तिने बजावलं.

बिडी सुटली. आणि इंजेक्शनं घेऊन घरी येत नाही तोच साहेब मोरीवर गुडाखू दातांना चोळताना सापडले!

"अरे मूर्खा, हे काय?"

"मंजन आहे न ताई. मंजनाचा अन् पायाचा काय संबंध? काहून ओरडून राहिली?"

तंबाखू आणि गुळाचा लगदा तो... पण इकडे अर्ध्या गावाची सकाळ त्याशिवाय होत नाही, आणि त्याला तंबाखू कोणी मानतच नाही. डबी मी नालीत फेकली. बाळूने अबोला धरला. म्हटलं, बोलू नकोस, पाय राहू दे.

काल डॉक्टरने त्याच्या पावलावर रक्ताचा आवाज ऐकवणारी डॉप्लरची कांडी टेकवली. मागे नुसती खरखर यायची... काल हुश... हुश... हुश... बारीक, पण तालात. जखम भरत आलेली. मी अंगठ्याला हात लावला तर चक्क कोमट!

"आंटीजी, अब काटने की बात नहीं करेंगे," ती हसून म्हणाली.

इतक्या दिवसांनी बाळूने तोंड उघडलं. "ताई... माहा पाय वाचला न?"

"हव, वाचला," मी म्हटलं.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी बायॉलॉजी घोकून घेतलं होतं, पण हे कुठल्याच पानावर नव्हतं. त्याच्याच हाडातल्या पेशी, त्या मूर्खाला न विचारता, बंद पायात नव्या वाटा काढत होत्या...

देवा, हाडांत एवढी अक्कल घातलीस, फार उपकार झाले. डोक्यात घालायची राहिली, ती मी बघते.