मांदेलीचा डोळा

पनवेलच्या मासळी बाजारात गुणाबाईंच्या पाटीमागे एक पिवळसर मांजर बसायची, मांदेली. गिऱ्हाइकानं फार घासाघीस केली की गुणाबाई म्हणायच्या, "बाय, तुमच्यापेक्षा ही बरी. भाव इचारीत नाय!"

२०११च्या मार्चमधल्या एका बुधवारी मी मासळी घ्यायला गेले, तर मांदेली उजवा डोळा घट्ट मिटून बसलेली दिसली.

"शिंगाळ्याचा काटा लागला," गुणाबाई म्हणाल्या. "औषध चालू हाय." त्यांनी कनवटीतून बाटली काढली. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यातले उरलेले थेंब त्यांनी देवाजवळ जपून ठेवले होते. "तीन दिस घालतंय. माजा डोला यानंच उघडला ना?"

मी मांदेलीची पापणी हलकेच वर केली. बुबुळावर दुधाळ ढग पसरला होता. मी म्हणाले, "पाटीकडे बघायला शेजारणीला सांगा आणि चला. आत्ताच्या आत्ता!"

टोपलीवर फडकं बांधून मांदेलीला रिक्षानं नेलं. जनावरांच्या डॉक्टर अरुंधतींनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळा उजेड धरला. निम्मं बुबुळ हिरवं चमकलं.

"हिरवं दिसतंय तेवढी जखम," त्या म्हणाल्या. मग बाटली वाचली. "हे स्टेरॉइड आहे. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ठीक, पण अशा जखमेत घातलं की ती भरायची सोडून खोल जाते."

"म्हंजे मीच केलं," गुणाबाई पुटपुटल्या.

नवे थेंब दिवसभर दर दोन तासांनी. आठ दिवसांत हिरवं कमी झालं नाही, तर डोळा काढावा लागणार होता. मांदेलीच्या गळ्यात प्लास्टिकची कॉलर आली.

"हे सूप घालून ही चालंल कशी?" गुणाबाईंनी विचारलं, पण हसल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी मासळी नको असली तरी बाजारात जायचे. गुणाबाई सौदा अर्धा टाकून साबणानं हात धुवायच्या, थेंब घालायच्या, चुकायला नको म्हणून पदराला एक गाठ मारायच्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तर, "जावा दुसरीकडं!" गाठी वाढत होत्या, डोळा मात्र उघडत नव्हता.

आठव्या दिवशी पुन्हा तो रंग. गुणाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी निळा उजेड डोळ्यावर धरला.

"मावशी, इकडे या. बघा."

तिळाएवढं हिरवं उरलं होतं. पांढरा डाग राहील, पण डोळा राहणार होता.

गुणाबाईंनी कनवटीतून जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे तुमीच फेकून द्या, डॉक्टरीणबाय. माज्या हातानं फेकवत नाय."