भिंतीवरचं नाव
ओल्या चुन्याचा वास आला की वसईजवळच्या आमच्या घराची रस्त्याकडची भिंत आठवते. आणीबाणीनंतरची विधानसभेची निवडणूक होती. बाबांनी नेहमीसारखं आमच्या आमदारांचं नाव गेरूने भिंतीवर लिहिलं, आणि मग कळलं की मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्यात नि आमचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलंय. आमदारांनी सुरू केलेला खाडीचा बांध अर्धाच झाला होता, भरतीचं खारं पाणी भातात शिरेल या धास्तीने आई म्हणाली, “आता आपली मतं त्याला नाय, मंग तो कशाला येल?” दुसऱ्याच दिवशी आमदार सायकलवरून आले, चुन्याची बादली मागून घेतली आणि स्वतःच्याच नावावर कुंचला फिरवू लागले. “राहू द्या साहेब, भिंत आमची हाय,” बाबा म्हणाले. “इथे आता दुसऱ्यांची नावं यायची,” ते म्हणाले. गेरूची लाली चुन्यातून डोकावत राहिली, तेव्हा त्यांनी आणखी एक हात मारला. “पण बांधाचं काम मी काढलंय. चला, भरतीच्या आधी बघून येऊ.” बांध त्याच पावसाआधी पुरा झाला. पुढे त्या भिंतीवर कितीतरी नावं रंगली. मला मात्र पुसलेलं तेवढं एकच आठवतं.