घट्ट पाणी

समोरच्या काकू नवऱ्याला पाणी चमच्याने भरवायच्या. गिरगाव सोडून आम्ही दोघं मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते पाहिलं. मनात म्हटलं, बाई गं, हे काय भलतंच!

काकूंच्या यजमानांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला होता. पातळ काही दिलं की पोटात उतरायच्या ऐवजी श्वासनलिकेत जायचं. पाणीसुद्धा घट्ट करूनच द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून चहा, वरणाचं पाणी, साधं पाणी, सगळ्यात कॉर्नफ्लोअर. "आधी गार पाण्यात कालवायचं, मग आधणात सोडायचं. उलटं केलंस की गुठळ्या झाल्याच म्हणून समज," काकू मला शिकवायच्या.

एकदा मी नया नगरातल्या दुकानातून कॉर्नफ्लोअर म्हणून पुडा आणून दिला तर हसतच सुटल्या. "अगं वेडे, हे पिवळं भाकरीचं पीठ! आपल्याला मक्याचं सत्त्व हवं. पांढरं, चिमटीत कुरकुरतं ते." त्याच कॉर्नफ्लोअरची त्या सुती साड्यांना खळ करायच्या, कटलेटला लावायच्या, तेलाच्या डागावर भुरभुरायच्या. कडक साडी नेसून भरवायला बसायच्या. "बघणारे हे एकटेच. त्यांच्यासमोर चुरगळलेली कशाला बसू?"

एका दुपारी मला अण्णांजवळ बसवून काकू भाईंदरला बँकेत गेल्या. मी घट्ट पाण्याचा चमचा पुढे केला की अण्णा मान फिरवायचे. "खरं पाणी," कसंबसं म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला बघवेना. मेली माझी अक्कल! माठातलं पेलाभर पाणी मी त्यांच्या ओठांना लावलं. घटाघटा प्यायले. हसले. मग ठसका लागला, तो थांबेचना.

तिसऱ्या दिवशी ताप भरला, छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात अण्णा गेले. मी कुणाला काही बोलले नाही. पिठलं-भात घेऊन गेले तर काकूंनी माझेच हात धरले, "तुझा फार आधार झाला गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षभराने काकू मुलीकडे नाशिकला निघाल्या. रिक्षात बसल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "मी बँकेत गेले होते त्या दिवशी ह्यांच्या उशाशी ओला पेला होता."

मी खाली वाकून त्यांची पिशवी रिक्षात नीट सरकवू लागले.

"आजारपणाच्या आठ महिन्यांत ह्यांचं हसू पाहिलं नव्हतं मी. एवढंच सांग, पाणी प्यायल्यावर हसले का गं?"

"हसले, काकू."

"मग बरं," म्हणाल्या आणि रिक्षा गेली.

ठसक्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही. आजही घरात कुणाला पाणी पिताना ठसका लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.