मानाचा एक नंबर

मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं, एवढ्या एका गुन्ह्यापायी आजवर माझ्या गळ्यात काय काय पडलं ते विचारू नका. मतदार याद्या, पोषण आहाराचे ऑनलाइन तक्ते, अध्यक्षांच्या पुतण्याची लग्नपत्रिका. सगळ्यात शेवटी टेलिफोनची पेटी पडली, आणि तिच्यापुढे मी जेवढी हतबल झाले तेवढी कशापुढेच झाले नव्हते.

परभणीपासून ऑटोने अर्ध्या तासावर आमची मुलींची निवासी शाळा आहे. मी तिथे हेडक्लार्क. निम्म्याहून जास्त मुलींचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते शिमग्यालाच परततात. मुलींना मोबाइल ठेवायची बंदी आहे. म्हणून रविवारी बारा ते चार ही फोनची वेळ ठरलेली. आया तिकडून, टोळीत ज्याच्या मोबाइलला चार्जिंग असेल त्याच्याकडून, शाळेच्या लँडलाइनवर फोन लावतात. पूर्वी फोन एकटा माझ्या टेबलावर असायचा. तो वाजला की मी व्हरांड्यात येऊन मुलीच्या नावाने ओरडायची आणि ती धापा टाकत येईपर्यंत निम्म्या वेळा लाइन कटायची. हे थांबावं म्हणून संस्थेने इंटरकॉमची पेटी घ्यायचं ठरवलं. बाहेरून येणारी लाइन एकच, पण आतले फोन सोळा, आणि त्यातला एक थेट वसतिगृहात. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

पेटी बसवायला नांदेडहून एक टेक्निशियन आला. माझ्या खुर्चीच्या वर भिंतीवर त्याने ती ठोकली, वायरी ओढल्या आणि नऊ वाजता तयार होऊन बसला. पण अध्यक्षांच्या हातून नारळ फुटल्याशिवाय बटण दाबायचं नव्हतं आणि अध्यक्ष आले सव्वाअकराला. पेटीला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, नारळाचं पाणी वायरींवर उडू नये म्हणून मी मध्ये माझी फाइल धरली. बटण दाबलं तसा हिरवा दिवा लागला. टाळ्या झाल्या.

मग नंबर द्यायचे होते. कागद पुढे ठेवून मी म्हटलं, "साहेब, पहिल्या जोडणीवर वसतिगृह ठेवू का?"

हे मी मनचं म्हणत नव्हते. पेटीबरोबर आलेलं पुस्तक मी त्या दोन तासांत चाळलं होतं. त्यात चौकटीत लिहिलेलं होतं की वीज गेली तर बाहेरची लाइन आपोआप पहिल्या जोडणीवर जाते, बाकीचे सगळे फोन बंद पडतात, म्हणून जिथे कायम माणूस असेल तोच फोन पहिला जोडावा.

अध्यक्ष हसले. म्हणाले, "म्हंजी वसतिगृह एक नंबर अन् आमी दोन नंबर का?"

सगळे हसले. टेक्निशियनसुद्धा हसला. मग यादी मानाप्रमाणे लागली. एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, तीन सचिव. चारसाठी मुख्याध्यापक आणि सुपरवायझर यांच्यात जरा तणातणी झाली. असं करत करत वसतिगृह पंधरावर गेलं, स्वयंपाकघर सोळावर. चौकटीतलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. एवढ्या लोकांत कोण तोंड उघडणार, आणि उघडून होणार काय, असं मी मनाशी म्हटलं. हे मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं आहे.

तोवर टेक्निशियनच्या गाडीची वेळ झाली होती. "मॅडम, प्रोग्रामिंग काहीच नाही. पुस्तकात हाय सगळं. तुमाला तर कॉम्प्युटर येतंय," असं म्हणून त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्टेशन गाठलं.

प्रोग्रामिंग पहिल्या फोनवरूनच होत असे. म्हणजे अध्यक्षांच्या केबिनमध्ये बसून. त्यांच्या खुर्चीवर पांढराशुभ्र जाड टर्किश टॉवेल पसरलेला असतो आणि त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून, फोनची वायर ताणून, मांडीवर पुस्तक उघडून आकडे दाबत होते. बरोबर दाबलं की एक लांब सूर. चुकलं की टूं टूं टूं. त्या दुपारी मला टूं टूं टूं इतक्यांदा ऐकावं लागलं की शाळेतल्या ढ मुलीला वर्गात काय वाटत असेल ते मला पन्नाशीत समजलं. दोनदा रडू आलं. दार लावून घेतलं होतं, म्हणून बरं. शेवटी संध्याकाळी पाचला बाहेरचा फोन माझ्या टेबलावर आणि वसतिगृहात असा दोन्हीकडे एकदम वाजला. मी केबिनबाहेर आले, ड्रायव्हरने कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या गाडीबरोबर परभणीला गेली. ती नेहमी तिकडेच असते. साहेब यायचे असले म्हणजेच केबिन उघडते, महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा.

आठवीतली एक मुलगी होती. वेणी घट्ट, बोलणं तुटक, गणितात हुशार. तिच्या आईने जाण्याआधी भेटून जाते म्हणून कबूल केलं होतं, पण मुकादमाने टोळी चार दिवस आधीच हलवली आणि आई न भेटताच गेली. फोन वसतिगृहात सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिच्या आईचा फोन आला. मी तिथेच होते, कौतुकाने बघायला. मुलगी खांबाला टेकून म्हणाली, "सांगा, मी न्हाई म्हणून."

रिसीव्हर माझ्या हातात होता. मी हसत हसत आईला सांगून टाकलं, "रुसलीय हो तुमची लेक. बोलायचं नाही म्हणते."

पलीकडून आवाज आला, "बरं. पुढल्या आयतवारी करते म्हणावं."

मला ते गोड वाटलं होतं. आज माझ्या हसण्याचा मला संताप येतो.

तो आठवडाभर मुलगी माझ्या ऑफिसच्या दारात काही ना काही निमित्ताने यायची. खडू पाहिजे, शिक्का पाहिजे. शुक्रवारी तिने सांगितलं, "बाई, आयतवारी आईचा फोन आला तर तुमी आधी उचलू नका. मी उचलते." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "मला लय बोलायचंय."

रविवारी सकाळी नवाला लाइट गेली. लाइनचं काम असावं. मी फोनच्या वेळेला वसतिगृहात गेले तर मुलगी डोक्यावरून आंघोळ करून, ओले केस तसेच सोडून स्टुलाशेजारी मांडी घालून बसली होती. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. चौकटीतलं वाक्य मला आठवलं.

लाइट नाही म्हणजे पंखे बंद, बोअरची मोटार बंद. आवारात कधी नसते अशी शांतता होती. म्हणून बाराच्या सुमाराला ऑफिसच्या इमारतीतून फोन वाजलेला आम्हाला स्पष्ट ऐकू आला. कुलूप लावलेल्या केबिनमधून.

मुली धावल्या. ती सगळ्यांच्या पुढे होती. दाराला ते पितळी कुलूप. शेजारच्या खिडकीची काच सरकवली तर गजांतून समोर टेबल दिसत होतं, टेबलावर फोन, आणि तो वाजत होता. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. चार हात तरी कमी पडत होते. फोन वाजायचा थांबला. दोन मिनिटांनी परत वाजू लागला.

मी अध्यक्षांना मोबाइल लावला. ते कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड चालू होता. म्हणाले, "उद्या माणूस पाठवतो की, एवढी काय घाई?" फोन वाजतच होता. वीसेक मुली त्या दाराशी दाटीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की तो आपल्याच आईचा आहे.

आता सांगते ते मीच केलं, दुसऱ्या कुणी नाही. जळमटं काढायची लांब काठी असते ना, ती मी आणायला सांगितली. गजांतून आत घालून रिसीव्हर खाली पाडायचा, म्हणजे फोन उचलल्यासारखा होईल आणि खिडकीतून ओरडलं तरी पलीकडे ऐकू जाईल, असं माझं डोकं चाललं. काठी मुलीनेच धरली. दुसऱ्या झटक्याला रिसीव्हर उडाला, टेबलाच्या कडेवरून घरंगळला आणि साहेबांच्या खुर्चीत, त्या जाड टॉवेलावर पालथा पडला.

घंटी थांबली.

"आई!" मुलगी ओरडली. "आई, मी हाय! आई, मी रुसले न्हाई! आई, ऐकू यायलंय का?" मानेच्या शिरा ताणून ओरडत होती. मध्येच थांबून गजांना कान लावायची आणि परत ओरडायची. आतून काही ऐकू आलं नाही. मी काठीने रिसीव्हर उलटा करायला गेले तर तो टॉवेलात आणखीच रुतला. थोड्या वेळाने तिचा आवाज बसला तेव्हा ती गप्प झाली.

आणि त्यानंतर फोन वाजला नाही. वाजणार कसा? रिसीव्हर खाली पडलेला, लाइन बिझी. मी माझ्या मोबाइलवरून शाळेचा नंबर लावून पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या रविवारी ज्या आईने फोन लावला तिला बिझीच लागला असणार, माझ्यामुळे. लाइट साडेपाचला आली.

गेल्या हंगामापासून तिच्या आईचे फोन ज्या नंबरांवरून आले होते ते रजिस्टरला लिहिलेले असायचे. पाच नंबर होते. ते सगळे मी लावले. दोन बंद, दोन उचलेनात, पाचवा एका गाडीवानाने उचलला. कारखान्याच्या रांगेत उभा होता. म्हणाला, "ती टोळी हलली बाई इथून. कुठं गेली काय म्हाईत."

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनला फोन करून मी भांडायच्याच सुरात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नंबर अन् जोडणी येगळी असती. साहेबाला नंबर एकच राहू द्या. पेटी उघडा, पहिली अन् पंधरावी वायर अदलाबदल करा, मग दोन आकडे दाबा. पाच मिन्टाचं काम हाय." पेटी माझ्याच डोक्यावर होती. स्क्रू ड्रायव्हर माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. पुस्तकाची पुढची दोन पानं मी वाचली असती तर कुणाशी भांडायचीही गरज नव्हती, साहेबांचा मान साहेबांपाशी राहिला असता. मी स्टुलावर चढून वायरी बदलल्या आणि आता पहिल्या झालेल्या वसतिगृहाच्या फोनवरून ते दोन आकडे दाबले. साहेबांना आजतागायत पत्ता नाही.

पुढचे तीन रविवार मी बारा ते चार वसतिगृहातच थांबले. लाइट असताना फोन वाजला, एकदा लाइट गेली तेव्हाही वाजला. मुलगी दर वेळी शेजारीच बसलेली असायची. तिच्या आईचा फोन आला नाही.

चौथ्या रविवारी नववीतल्या एका मुलीच्या आईने फोन केला. लेकीशी बोलणं झाल्यावर तिने फोन मला द्यायला सांगितलं. उसाच्या फडातल्या बाया फोनवर शेताच्या त्या टोकाला हाक मारल्यासारख्या बोलतात, रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागतो. तिने त्याच आवाजात आमच्या आठवीतल्या मुलीच्या आईचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आठवडी बाजारात भेटली व्हती. निरोप हाय तिचा. म्हणली, त्या आयतवारी पोरीनं फोन उचलला, अन् एक शबुद बोलली न्हाई. मी हॅलो हॅलो करून थकले म्हणली. लय राग धरलाय पोरीनं. आता न्हाई करत म्हणली फोन, उगं तिच्या अभ्यासाला तरास. शिमग्याला येतेच म्हणावं."

मी घाईने म्हटलं, "तिला सांगा, असं नव्हतं ते, फोन..."

"आता कुठली भेटायली बाई, आमची टोळी उद्या कर्नाटकात चाललीय," ती म्हणाली आणि लाइन कटली.

मी रिसीव्हर ठेवला. मुलगी स्टुलाशेजारी होती तिथेच होती. सगळं तिला ऐकू गेलं होतं. माझ्याकडे बघत, जणू हिशेब माझ्याच हातून चुकला असेल तर मी दुरुस्त करीन अशा आशेने, ती म्हणाली, "पण बाई, मी तर वरडत व्हते की."