दोऱ्याचं पूतरेकू

आमच्या आंध्रातल्या नरसापूरच्या गल्लीत हातात क्रोशाची सुई नसलेली बाई म्हणजे एकतर पाहुणी, नाहीतर आजारी. मंगतायारूने तीस वर्षं टेबलावरच्या रुमालांना एकच एक फूल विणलं आणि एका दुपारी तिचं डोकं फिरलं. फुलाऐवजी तिने उडदाचा वडा विणला. मधल्या भोकासकट.

मग काय, सुटलीच. शीत न् शीत मोकळा, चिंचेचा पुलिहोर भात, आवकाय लोणच्याची फोड, काट्यांसकट पुलसा मासा. विणीतले उभे टाके ताठ राहावेत म्हणून आम्ही लेसला भाताची पेज लावतो. तायारू मात्र साखरेचा पाक लावायची. पेजेने पदार्थाला तकाकी येत नाही, म्हणे. त्यामुळे तिच्याकडे मुंग्यांची कायम पंगत. मी शेजारीण, मला ओढून दाखवायची, "बघ, खाणाऱ्याला कळतं."

तिची थोरली बहीण नागरत्नम समोरच राहायची. तिला हे बघवत नसे. "ही थेरं माझ्या उंबऱ्याच्या आत आणायची नाहीत," तिने बजावलं होतं. तायारू हसण्यावारी न्यायची. पण मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीने वाहवा केली तरी तिला शाबासकी हवी होती ती या एका अक्काची.

यंदा नागरत्नमच्या मुलीची, प्रसन्नाची, लग्नानंतरची पहिली संक्रांत. नव्या जावयापुढे किती पदार्थ मांडले, त्यावर आमच्याकडे घराचं नाक ठरतं. नागरत्नमने एकशे एक जाहीर केले आणि तोऱ्यात सगळी यादी भीमवरमच्या विहीणबाईंना फोनवर पाठवलीसुद्धा. विहीण अनसूयम्मा ती यादी कागदावर उतरवून, पेन्सिल घेऊनच आल्या.

आणि ऐन सकाळी पूतरेकूंचा डबा कुणीतरी इडलीच्या वाफेशेजारी ठेवला. कागदासारखी पातळ मिठाई ती, तिचा लगदा झाला. नागरत्नम धापा टाकत तायारूच्या दारात.

"तायारू, तुझ्याकडे ते पूतरेकू आहे ना?"

"कुठलं गं?"

"छळू नकोस. दोऱ्याचं."

"ती तर थेरं आहेत, अक्का."

"अगं आण बाई, पाया पडते तुझ्या."

"अजून शेवटची गाठ मारायची आहे त्याला."

"गाठ कोण बघतंय? दे इकडे."

ते पूतरेकू केळीच्या पानांच्या अगदी पलीकडच्या टोकाला, गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या चटणीच्या वाटीमागे लपवलं. एवढे शंभर पदार्थ सोडून जावयाचा हात तिथवर जायचा नाही, असा आमचा हिशेब. पण आधी तोंड गोड करायचं म्हणून जावई फणींद्र अर्धा उठला, वाकला आणि नेमकं तेच उचलून चावला.

नागरत्नमची नखं माझ्या दंडात रुतली. फणींद्र चावत राहिला. बराच वेळ चावत राहिला.

"गोड आहे," तो भिडस्तपणे म्हणाला, "पण संपत नाही."

"बघू," म्हणून अनसूयम्मांनी त्याच्या हातातलं उरलेलं टोक ओढलं. गाठ नव्हतीच. साखळी सुटली आणि सुटतच गेली. जावयाच्या दातांपासून विहिणीच्या मुठीपर्यंत, शंभर पदार्थांवरून, पांढरा दोरा ताणला गेला. मग प्रसन्ना फिस्सकन हसली, पाठोपाठ फणींद्र, आणि त्या हसण्यात दोरा सांबारात पडला.

अनसूयम्मा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी यादी डोळ्यांजवळ नेली. "इथे पूतरेकू असं लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "कशाचं, ते काही लिहिलेलं नाही." आणि पेन्सिलीने खूण केली. "एकशे एक. हे केलं कुणी?"

तायारू दारातल्या दारात आक्रसली. मी नागरत्नमकडे पाहत होते.

"माझ्या धाकट्या बहिणीने," नागरत्नम म्हणाली. "हे तर काहीच नाही, विहीणबाई. तिचा पुलसा बघून मांजरं दाराशी बसतात. तायारू, उभी काय राहिलीस? आण जा. वडापण आण. सगळंच आण."

अठ्ठावन्न वर्षांची बाई हसत, डोळे पुसत भर रस्त्यातून धावत सुटली. चपला अक्काच्या उंबऱ्याशीच राहिल्या होत्या.